तुरटीचा खडा

काखेतल्या खाजऱ्या पुरळाचे कारण आज दोन वर्षांनी कळले : अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅलर्जी. ती दुर्मीळ आहे. पॅच टेस्टच्या, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून करायच्या चाचणीच्या, बारीक वाट्या पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात, त्यामुळे पहिल्या खेपेला पाठीवर प्रत्येक वाटीखाली लाल कडे उमटले होते. या वेळी प्लास्टिकच्या वाट्या लावल्या, तेव्हा नेमका उलगडा झाला. घाम रोखणारा रोल-ऑन लगेच टाकून दिला. पण बाबांच्या वेळेपासून न्हाणीघराच्या कोनाड्यात असलेला, वापरून मधोमध खोलगट झालेला तुरटीचा खडाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे, हे समजल्यावर तो उचलताना हात थबकला. काही लसींतही हे क्षार असतात. तरी लस टाळू नका, फक्त आधी सांगा, असे डॉक्टरांनी बजावले आहे.