आमची वाटचाल : पाणाडे समजायचे तिथपासून

जळगावात पाटी लावली तेव्हा लोक बोअरचा पॉइंट काढायला बोलवायचे. हातावर नारळ घेऊन फिरणारे पाणाडेच वाटायचो आम्ही. मातीतून, भूजलातून प्रदूषण कसं सरकेल याची मॉडेलं तपासणं हाही धंदा असतो, हे पटवण्यात पहिली वर्षं गेली. नंतरची बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते कारखान्याच्या तळ्याचं. सांडपाण्यातले क्षार शेजारच्या विहिरींत कधी पोहोचतील, एवढाच प्रश्न. बाहेरच्या एका फर्मने मॉडफ्लो-एमटीथ्रीडी या भूजल-प्रदूषणाच्या सॉफ्टवेअरवर रंगीत नकाशे काढले होते, तपासणी आमच्याकडे. मॉडेलची रेघ निरीक्षण-बोअरच्या आकड्यांवर तंतोतंत बसत होती. बसणारच! ज्या रीडिंगवरून डिस्पर्सिव्हिटी (क्षार वाहताना किती पसरतात तो आकडा) ठरवली, तीच पुरावा म्हणून लावलेली. शिवाय खालचा बेसाल्ट सरसकट वाळूसारखा धरलेला. आपल्या खडकात पाणी चालतं ते सांध्या-फटींतून. आम्ही लिहिलं, येत्या पावसाळ्याची रीडिंग मॉडेलला न दाखवता आधी अंदाज मागा, मग बोलू. कारखान्याचे साहेब भडकले. बिल अडकलं ते आजतागायत. सोन्याच्या जळगावात राहून घरातलं सोनं गहाण टाकून पगार केले.

तारलं यावलकडच्या आप्पांनी. केळीवाला माणूस. विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं म्हणून आले, ते कायमचे. वावराचा एक कोपराच त्यांनी आम्हाला देऊन टाकला. मृगाआधी तिथल्या भेगाळलेल्या काळ्या मातीवर, पाण्याचा माग काढायला, पोटॅशियम ब्रोमाइड फवारलं. ते चिकणमातीला धरून बसत नाही, पाण्याबरोबर जातं. पहिल्या जोरदार पावसानंतर ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) थराथराने माती काढली. एकसंध माती धरणारं समीकरण म्हणत होतं, वरच्या फुटातच असेल. सापडलं तीन फुटांखाली. ऑगरवरची माती चोळत आप्पा म्हणाले, "भाऊ, हे तं आम्हाले माहीतच होतं. उन्हाळ्यात भेगीत इळा पडला तं सापडत नाही." पुढची कामं त्या कोपऱ्याने मिळवून दिली.

नव्या पोरांनो, सॉफ्टवेअरआधी पाणीपातळीचा चांगला टेप घ्या, पाण्याला टेकताच पीं वाजणारा. केबल ताणली जाते, अधूनमधून स्टीलच्या टेपला लावून बघा. ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) स्थिर होईपर्यंत बोअर उपसल्याशिवाय बाटली भरू नका. आणि मॉडेलच्या जाळीचे चौकोन बारीक ठेवा; मोठे ठेवले की प्रदूषण कागदावरच पसरून पातळ होतं अन् गिऱ्हाईक खूश होतं. त्या तळ्याच्या मॉडेलात चौकोन केवढे होते, ते आमच्या अहवालात पान १४ वर आहे. तिथवर कोणी वाचलंच नाही.