विंडोज एफ ड्राइव्हवर जाऊन बसलं त्याची गोष्ट (माझा अनुभव)

आधी हे सांगून टाकतो, क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी नवीनवर) झालं की कॉम्प्युटरचं मशीन बंद करायचं, जुनी हार्ड डिस्क काढून ठेवायची आणि मगच नवीन एसएसडीवरून (चिपवाली वेगवान डिस्क) पहिल्यांदा चालू करायचं. मी ते केलं नाही, पुढचं सगळं रामायण त्यामुळेच.

आमचं डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. मशीन जुनं, विंडोज ७, पण त्याच्यावर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे आणि वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही असा नियम. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून एसएसडी आणली, क्लोन मारला, दोन्ही डिस्क लावलेल्याच ठेवून नवीनवरून बूट केलं, झक्कास चाललं, दोन दिवस काम पण केलं. तिसऱ्या दिवशी जुनी काढली तर पासवर्ड टाकल्यावर नुसता निळा पडदा. एक आयकॉन नाही. खाली कोपऱ्यात विंडोज ७, बिल्ड ७६०१, ही कॉपी जेन्युइन नाही. जुनी लावली की सगळं नीट, काढली की निळा पडदा!

रिपेअरवाल्याने ती ओळ वाचली आणि लगेच निकाल, "पायरेटेड आहे, फॉरमॅट मारावं लागेल." अहो, कॅबिनेटवर ओरिजिनल स्टिकर आहे की! ऐन लग्नसराईत फॉरमॅट म्हणे. मशीन उचलून घरी आणलं.

झालं होतं काय, तर कुठल्या पार्टिशनला (डिस्कच्या भागाला) कुठलं अक्षर हे विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीत (सगळ्या सेटिंगच्या वहीत) माउंटेडडिव्हायसेस नावाच्या ठिकाणी लिहून ठेवतं. क्लोनमध्ये ती यादी जशीच्या तशी आली, त्यात सी म्हणजे जुनी डिस्क. डी डेटाला, ई डीव्हीडीला, म्हणून नवीन पार्टिशनला एफ मिळालं. आता विंडोज एफवर आणि युजरचं सगळं सामान शोधायचं सीवर, आणि सी तर मी काढून टेबलावर ठेवलेली.

एवढं कळायला एक रात्र गेली. पुढच्या दोन मात्र निव्वळ येडेपणात गेल्या. विंडोजची डीव्हीडी टाकून रिपेअरमध्ये गेलो, कमांड प्रॉम्प्ट उघडला, डिस्कपार्ट (डिस्कची अक्षरं बदलायची कमांड) टाकलं, व्हॉल्यूम म्हणजे पार्टिशन सिलेक्ट केला, लेटर सी दिलं. यशस्वी असा मेसेज आला. रीस्टार्ट, परत निळा पडदा. परत डीव्हीडी, परत तेच, परत यशस्वी, परत निळा. असं पाच-सहा वेळा केलं, दरवेळी वाटायचं आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं. मग डिस्कपार्ट सोडून तिथेच रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) उघडलं, माउंटेडडिव्हायसेसमध्ये जाऊन बदल केला, आता कसं नाही होत बघतो म्हटलं. तरी निळाच!

तेव्हा कुठे प्रॉम्प्टकडे नीट लक्ष गेलं. तिथे एक्स लिहिलेलं होतं, एक्स. डीव्हीडीवरून येतं ते वेगळंच छोटं विंडोज, रॅममध्ये चालतं, त्याची रजिस्ट्री वेगळी, त्याची अक्षरं वेगळी. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं. म्हणजे दोन रात्री मी भाड्याच्या खोलीला रंग देत होतो.

खरं काम दहा मिनिटांचं निघालं, डीव्हीडीच्या रेजएडिटमधून आपल्या विंडोजच्या रजिस्ट्रीची फाइल (तिला हाइव्ह म्हणतात) उघडायची. रेजएडिटमध्ये डावीकडे एचकी लोकल मशीनवर क्लिक करायचं (नाहीतर फाइल मेन्यूत लोड हाइव्ह फिकट दिसतं, मला त्यानेही पंधरा मिनिटं खेळवलं), लोड हाइव्ह घ्यायचं, आपल्या विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२, त्यात कॉन्फिग, त्यातली सिस्टम नावाची फाइल उघडायची आणि काहीही नाव द्यायचं. आपलं विंडोज तिथे कुठल्या अक्षरावर आहे ते आधी डिर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) करून बघा, माझं डीवर दिसत होतं. मग माउंटेडडिव्हायसेस एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. आत डॉसडिव्हायसेसच्या ओळी दिसतील. आधी सीच्या ओळीचं नाव बदलून झेड केलं, मग एफचं सी. उलट्या क्रमाने होत नाही, दोन सी तो घेत नाही. अक्षरापुढचा कोलन पुसू नका. शेवटी अनलोड हाइव्ह.

कुठली ओळ कुठल्या डिस्कची हे ओळखायला डबल क्लिक करायचं. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कला १२ बाइट असतात, पहिले ४ डिस्कची सही, उरलेले ८ पार्टिशन कुठून सुरू होतं ते. माझ्या सी आणि डीचे पहिले ४ सारखे होते, म्हणजे दोन्ही जुन्या डिस्कचे, एफचे वेगळे. नव्या पद्धतीची जीपीटी डिस्क असेल तर ओळ लांब दिसते, २४ बाइटची.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बघू असं कोणी सुचवेल, वेळ घालवू नका, विंडोज ज्या ड्राइव्हवरून चालू आहे त्याचं अक्षर तिथून बदलू देत नाही.

आणि हो, नंतर कळलं की त्या निळ्या पडद्यावर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर येतो, तिथून न्यू टास्कमध्ये रेजएडिट टाकलं की मशीनची खरी रजिस्ट्रीच उघडते, म्हणजे डीव्हीडी, हाइव्ह काही नको. हे पहिल्या रात्री कळलं असतं तर!

मशीन घरी आणल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी एसएसडी एकटी लावून चालू केलं, डेस्कटॉप आला, बायकोला हाक मारून दाखवला. पण क्लोननंतरच्या दोन दिवसांत केलेल्या पत्रिका डेस्कटॉपवर नाहीतच. एक सेकंद पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, तेव्हा सी म्हणजे जुनी डिस्क होती, सगळं तिच्यावरच सेव्ह झालेलं. यूएसबी केसमध्ये घालून लावली, पत्रिका काढल्या आणि दुपारी छापायला दिल्या.