सुट्टे नाहीत

आईला ७७ वर्षं झाली. भरलेली बादली ती अजून न्हाणीघरातून गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत नेते, मध्ये कुठं टेकवत नाही. पण आमटीत चिमूटभर हिंग टाकायचा म्हटलं की हात हलतो आणि शेजारच्या दोन घरांना पुरेल एवढा वास सुटतो. जड जमतं, हलकं जमत नाही. खरं तर उलटं व्हायला हवं ना?

तर नाही. पाठीच्या कण्यातली एकेक चेतापेशी स्नायूतल्या तंतूंचा एकेक गट चालवते. हलक्या कामाला थोडे, लहान गट लागतात. जड कामाला मोठेही जुंपले जातात. साठीनंतर यातल्या बऱ्याच पेशी गळतात. मग उरलेल्या पेशींना फांद्या फुटतात आणि वाऱ्यावर पडलेल्या तंतूंपैकी जमतील तेवढे त्या आपल्याकडे घेतात. त्यामुळे ताकद बरीचशी टिकते, पण गट मोठे होऊन बसतात. खिशात पैसे आहेत, पण सगळ्या पाचशेच्या नोटा. दहाची कोथिंबीर घ्यायची पंचाईत.

(हात हलला की लोक लगेच ‘कंपवात’ म्हणून मोकळे होतात. कंपवातात हात मांडीवर स्वस्थ असतानाही हलतो. आईचा तसा हलत नाही, हे डॉक्टरांनी बघून सांगितलंय.)

रांगोळीत तर हे लपतच नाही. अंगठा आणि तर्जनी किती सैल सोडायची, एवढ्यावरच सगळी रेघ. आई आता कोपर गुडघ्यावर टेकवते, डाव्या हातानं उजवं मनगट धरते आणि बोटभर रेघ ओढून थांबते. तरी मध्येच कुठं तांदळाएवढी जाड, कुठं तुटलेली. मी छाप आणून दिला. “त्यात माझं काय?” म्हणून तो माळ्यावर गेला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, सही जुळत नाहीये.” आई म्हणाली, “मी तरी कुठं जुळतेय त्या फोटोशी?”

चालण्याचंही तसंच. रस्त्यात काही विचारलं की ती थांबते, उत्तर देते, मग पुढे निघते. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली नेमकं हेच टिपलं होतं: बोलायला थांबणारे म्हातारे पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि तळव्यांची जाणीव, तिन्ही मंदावतात. आपोआप पडणारं पाऊल मग लक्ष देऊन टाकावं लागतं. हे कळल्यापासून रस्ता ओलांडताना मी तिला भाजीचे भाव विचारत नाही.

व्यायामाचा मात्र या वयातही उपयोग होतो. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, तर पायांची ताकद अडीच पटींच्या वर गेली. हलकं वजन अगदी सावकाश वरखाली केलं तर हाताची थरथरही कमी होते. म्हणून आईला तूरडाळीच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पुड्या दिल्या. मालिका बघता बघता ती त्या वरखाली करायची, जाहिराती लागल्या की सुट्टी. आठवड्याच्या आत एक पुडी दिसेनाशी झाली. विचारलं तर वरण झालं होतं तिचं.