खापरं पोरांच्या हातात द्यायला दीड महिना लागला – माझा अनुभव

मी सोलापुरात कॉलेजला इतिहास शिकवते. दरवर्षी पोरांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात नेते, सातवाहन काळातली खापरं, मातीच्या बाहुल्या सगळं ती काचेतून बघतात आणि परत येतात. यंदा ठरवलं की खरं खापर हातात द्यायचंच.

तयारी आठवड्यात उरकली. कुंभाराकडून वीस बोळकी आणून मुद्दाम फोडली, आधी सराव त्यांच्यावर.

अडकलं ते परवानगीत. ज्या संग्रहातली खापरं हवी होती तिथल्या ऑफिसात अर्ज दिला, तर क्लार्क म्हणाले वस्तूंची यादी नंबरासकट जोडा. नंबर पाहिजेत तर स्टोअर बघायला पाहिजे, आणि स्टोअरवाले म्हणणार आधी परवानगीचं पत्र आणा मग कुलूप काढतो. मार्चच्या उन्हात मी ह्या टेबलवरून त्या टेबलवर. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला कळलं की माझ्या अर्जावर आवक नंबरच पडला नव्हता, म्हणजे त्यांच्या लेखी मी आलेच नव्हते. (आवकचा शिक्का मारलेली झेरॉक्स हातात पडल्याशिवाय तिथून उठूच नका.) तोवर परीक्षा जवळ आलेली, पोरं रोज विचारायची, मॅडम कधी जायचं.

चौथ्या खेपेला शिपाई मामांनी सांगितलं, "मॅडम, नुसती नोंदवही बघायला वेगळा अर्ज चालतो, त्यात सगळे नंबर आहेत की." महिनाभर हे कुणीच बोललं नव्हतं, मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी बसून 32 नंबर उतरवून घेतले, आठ दिवसात पत्र आलं. तुम्ही करणार असाल तर पहिला अर्ज नोंदवहीचाच करा. त्यांचा माणूस समोर हवा आणि एका वेळी सहाच पोरं, ह्या अटी मात्र मला पटल्या.

शेतात सापडलेलं काहीतरी आणा असं पोरांना सांगून सुटका करून घेऊ नका. जमिनीत सापडलेला ऐवज 10 रुपयांच्या वरचा असला तर कलेक्टरला कळवावं लागतं, 1878 चा कायदा आहे.

खापरं हाताळायच्या दिवशी अंगठ्या, घड्याळं, गळ्यातली आयकार्डं आधी काढायला लावली. टेबलवर अंथरायला पोरांनी घरून टॉवेल आणले होते, सोलापूरच ते, पण टॉवेलच्या फासात खापराची कड अडकते, म्हणून दोनदा धुतलेलं मांजरपाट घातलं. भांडं काठाला किंवा कानाला धरून उचलायचं नाही, एक हात बुडाखाली, आणि टेबलच्या वरच धरायचं. खापराला स्वच्छ कोरडे हात चालतात, धातूला नायट्रिलचे हातमोजे. सुती मोज्यातून वस्तू निसटते. पेन बंद, फक्त पेन्सिल.

वस्तूवर नंबर टाकायचा सराव आम्ही आमच्या फोडलेल्या बोळक्यांवरच केला. आतल्या बाजूला, फुटक्या कडेवर नाही. आधी पॅरालॉइड बी-72 चा (संग्रहालयात वापरतात तो पारदर्शक लेप) पातळ थर, वाळला की शाईने नंबर, वर परत थर. ॲसिटोनने पुसता येतो.

एका मुलीने कानाचा तुकडा उलटा केला, जोडाशी कुंभाराने दाबलेला खळगा होता. तिने अंगठा ठेवला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, बसतोय." बाकीची पाच जणं आपली पाळी कधी येते म्हणून हात पुसत उभी.

हां, एक राहिलंच, तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसली तर घासायचं नाही, सिलिका जेल टाकून वेगळ्या डबीत बंद करायचं आणि लगेच संग्रहाच्या माणसाला दाखवायचं, पावसाळ्याच्या आधी तर नक्कीच.