सातवी नोंद: फ्लिपला माउंट का बंद पडायचा ते सापडलं

काल रात्री १२ वाजून ४ मिनिटांनी माझ्या दुर्बिणीच्या माउंटनं (तिला आकाशाबरोबर फिरवणाऱ्या मोटारच्या बैठकीनं) मेरिडियन फ्लिप केला, म्हणजे वस्तू मध्यमंडल ओलांडताना नळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेली, आणि तो पूर्ण केला. एकोसनं (दुर्बीण चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं) प्लेट सॉल्व्ह करून, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखून, रोझेट तेजोमेघ पुन्हा फ्रेमच्या मधोमध आणला, गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून बारीक दुरुस्ती) धरलं, पुढची फ्रेम सुरू झाली. मी वरच्या खोलीत रजई ओढून फोनवर हे बघत होतो. तीन आठवडे ज्या जागी गाडी अडत होती ती जागा मागे पडली, म्हणून आज सकाळी चहाआधी लिहायला बसलोय.

मागच्या नोंदीत सांगितलंच होतं: संध्याकाळी सगळं सुरळीत, कॅमेऱ्याचा कूलर उणे १० अंशांवर, १८० सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक. जानेवारीच्या सुरुवातीला रोझेट बाराच्या सुमारास मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो. नागपूरहून तो साधारण ७४ अंशांवर असतो, म्हणजे जवळपास डोक्यावर. नेमका तेव्हाच माउंट गप्प व्हायचा. एकोसमध्ये पोर्ट दिसतोय, पण पलीकडून उत्तर नाही. खाली जाऊन माउंट बंद-चालू केला की तो परत बोलायला लागायचा, पण आपण कुठे बघतोय हे विसरलेला असायचा.

फ्लिपलाच होतंय म्हटल्यावर माझा सगळा संशय केबलवर. फ्लिपमध्ये नळी या बाजूची त्या बाजूला जाते, केबल ताणली जाते, कुठेतरी जोड सुटत असणार. पहिल्या आठवड्यात सगळ्या यूएसबी केबल डोव्हटेलवर (नळीला लावलेल्या पट्टीवर) बांधून एकाच जाडजूड जुडग्यात खाली आणल्या. दुसऱ्या आठवड्यात ईक्यूडीर केबल (माउंटला संगणकाशी जोडणारी) बदलली, या वेळी एफटीडीआय चिपचीच घेतली. (ती घेतल्याचं दुःख नाही. स्वस्त चिपच्या केबलवर पैसे घालवू नका, हे माझं मत आता पक्कं झालंय.) मग पोर्टला कायमचं नाव देऊन ठेवलं, म्हणजे रास्पबेरी (एकोस चालवणारा छोटा संगणक) पुन्हा सुरू झाली तरी गोंधळ नको. वायफायचा प्रश्न तर मागेच संपलाय. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, लॅनची तार टाकल्यापासून तिकडे शांतता आहे. एवढं करूनही बारा वाजले की माउंट गप्प.

वीजपुरवठा मी तपासला होता, आणि तिथेच चुकलो. पियरजवळच्या (दुर्बिणीच्या खांबाजवळच्या) टोकाला मल्टिमीटर लावला तेव्हा १२.१ व्होल्ट आले. शिवाय रास्पबेरी एकदाही बंद पडली नव्हती, कमी व्होल्टेजची तक्रारही तिनं केली नव्हती. वीज कमी पडली असती तर आधी तीच पडली असती, असं मी धरून चाललो.

कारण सापडलं ते आईमुळे. मंगळवारी रात्री ती परसाचं दार लावायला गेली आणि खालूनच हाक मारली, "काय रे, तुझ्या दुर्बिणीचा लाल दिवा उघडझाप करून राहिला." मी जिना उतरेपर्यंत दिवा स्थिर झाला होता. माझ्या एचईक्यू५ माउंटचा तो दिवा व्होल्टेज खाली गेलं की लुकलुकतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण दुर्बीण वरून चालवायला लागल्यापासून फ्लिपच्या वेळी मी तिच्याजवळ कधी उभाच नव्हतो.

मग त्याच रात्री सगळा भार चालू ठेवून मोजलं. कूलर पूर्ण जोरात, भिंगांवर दव धरू नये म्हणून लावलेले दोन्ही ड्यू हीटर चालू. गुडघे ओल्या गवतात, टॉर्च दातांत, मल्टिमीटरची दोन्ही टोकं माउंटच्या जॅकवर. डाव्या हातातल्या फोनवरून दोन्ही अक्ष एकदम पळवले. आकडा १२.१ वरून घसरत ९.४ वर आला आणि लाल दिवा डोळ्यांसमोर लुकलुकू लागला. माउंटला किमान ११ लागतात.

गणित नंतर कागदावर मांडलं. घरातल्या एसएमपीएसपासून (१२ व्होल्ट देणाऱ्या डब्यापासून) पियरपर्यंत १८ मीटर, जाऊन-येऊन ३६. तार १ चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरमागे ०.०१७२ ओहम धरला तर एकूण ०.६२ ओहम. फ्लिपच्या क्षणी सगळे मिळून साधारण ४.४ अँपिअर ओढतात. म्हणजे २.७ व्होल्ट तारेतच खर्च! भार नसताना करंटच नाही, त्यामुळे घटही नाही, म्हणून मीटर मला १२.१ दाखवत होता. रास्पबेरी का टिकली तेही उलगडलं. तिला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ५ व्होल्ट देतो, आणि त्याला आत ९ आले काय नि १२ आले काय, सारखंच. ईक्यूडीर केबलला वीज यूएसबीतून मिळते, म्हणून पोर्ट दिसत राहायचा. मधल्या मध्ये माउंटचा बोर्ड मात्र रीसेट होत होता.

बुधवारी उपाय सापडला तो हाताशीच होता. सीताबर्डीतून आणलेली तार चार कोरची आहे, त्यातले दोनच वापरात होते. रिकामे दोन त्यांना समांतर जोडले, रोध निम्मा झाला. एसएमपीएसचा स्क्रू फिरवून १३.४ व्होल्ट केले. पुन्हा तीच कसरत, पुन्हा दोन्ही अक्ष पळवले: १२.० व्होल्ट. दिवा स्थिर. मी तिथेच गवतात थोडा वेळ बसून राहिलो.

कालच्या रात्रीची कमाई ५८ फ्रेम, गायडिंग ०.७ आर्कसेकंदाच्या आसपास. ड्युअलबँड (प्रकाशाचे दोनच पट्टे सोडणाऱ्या) फिल्टरमधून बेसा रोडच्या उजेडातही हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या रेषेत रोझेटच्या पाकळ्या स्वच्छ उमटल्या आहेत. ध्रुव इथे फक्त २१ अंशांवर, शेजारच्या टाकीमागे दडलेला. त्यामुळे पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) एकोसच्या तीन फोटोंच्या पद्धतीनं केली, आणि ती दहा मिनिटांत झाली.

एक सांगायचं राहिलं. गोल बॅरल जॅक मी आता ठेवणार नाही. धक्का लागला की करंट तुटतो. एक्सटी६० कनेक्टर लावतोय, ते घट्ट बसतात.

पुढचं काम म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरची नवी तार, असं काल रात्री ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, तार जाड करण्यापेक्षा पियरलाच २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवली तर? फ्लिपचा अचानक लागणारा करंट बॅटरी देईल, लांब तार फक्त ती भरत राहील. बॅटरी भरत येते तसा चार्जिंगचा करंट कमी होतो, म्हणजे तारेतली घटही आपोआप मिटते. लाईट गेली तरी रात्र वाया जाणार नाही. शिवाय हीच पेटी उचलून पेंचला नेता येईल. २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, तेव्हापासून तिथे एक पूर्ण रात्र काढायची माझी इच्छा आहे. आतापर्यंत विजेपायीच अडून होतो.

काळजी एकच, उन्हाळ्याची. या पेशी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथे जातो. तेव्हा चार्जिंग सूर्यास्तानंतरच, टायमर लावून. तापमान बघून स्वतःच चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारा बोर्ड) कोणी नागपुरात वापरला असेल तर सांगा. शनिवारी बर्डीला जाणार आहे, तोवर कळलं तर तोच घेईन.