‘कुणालाच नाही’ असं लिहून घ्या

१३ ऑक्टोबर २००९, विधानसभेचं मतदान. लातूर जिल्ह्यातल्या एका गावी मी केंद्राध्यक्ष होतो. दुपारी रांग ओसरल्यावर पन्नाशीचे एक शेतकरी बायकोसोबत आले. बोटाला शाई लागली, १७-अ रजिस्टरात सही झाली आणि ते म्हणाले, “गुरुजी, मला कुणालाच मत द्यायचं नाही. एकोणपन्नास-ओ खाली तसं लिहून घ्या.”

निवडणूक नियमांत ४९-ओ होता, पण तो मागणारा मतदार मी पहिल्यांदाच पाहत होतो. कंट्रोल युनिटवरच्या सहकाऱ्याला मी ‘बॅलट’चं बटण दाबू नका म्हटलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘मत नोंदवायचे नाही असे ठरवले’ असं लिहिलं.

सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “असे लोक जास्त झाले तर निवडणूक रद्द होते ना?” तेव्हा तसा एक मेसेज सगळीकडे फिरत होता. मी खरं ते सांगितलं: रद्द होत नाही, मतांच्या हिशेबाच्या १७-क फॉर्ममध्ये फक्त आकडा जातो. तरी त्यांनी सही केली.

हे सगळं बूथ एजंटांच्या देखत चाललं होतं. एक जण म्हणाला, “अण्णा, आमचं बी नाही का? काय चुकलं वो आमचं?” आवाज गोडच होता. पण लगेच तिघाचौघांनी आपापल्या यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली. बाई “मला बी...” म्हणत पुढे आल्या होत्या. त्यांनी एजंटांकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. “बटन दाबते,” एवढं म्हणून त्या पुठ्ठ्याच्या आड गेल्या.

ज्याला मत द्यायचं त्याच्यासाठी आडोसा, आणि नाकारणाऱ्याला मात्र चारचौघांत सही करावी लागत होती! त्याच गावात त्याला ऊस कारखान्याला घालायचा असतो, सोसायटीचं कर्ज काढायचं असतं. या अन्यायाची मला आजही चीड येते.

२७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर गुप्ततेचा हा हक्क मान्य केला आणि यंत्रावर ‘नोटा’चं बटण आलं. त्या बाईंसारख्या कितीतरी जणींची सोय झाली.

अण्णांच्या प्रश्नाचं मात्र काही झालं नाही. २०१९ ला आमच्या लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होती. त्यामागे पक्षांतर्गत नाराजी होती असंही बोललं गेलं, असेल. पण ती पहिली आली असती तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारच आमदार झाला असता.

राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये महापालिका-नगरपालिकांसाठी वेगळा नियम केला: नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक. नगरसेवकासाठी जे चालतं ते आमदार-खासदारांसाठी का चालू नये? केंद्रीय निवडणूक आयोग आणि संसदेने हे करावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.