धूर दिसतो ना, तेच गाव

डेन्व्हर ते कॅन्सस सिटी हा रस्ता आम्ही कितीदा तरी केलाय, पण कधी वाट वाकडी करून कुठे थांबलो नव्हतो. या वेळी आई सोबत होती. वाकीनीला मोठा हायवे सोडला, उत्तरेला हिल सिटी गाठली आणि तिथून पूर्वेला वळलो. गहू कापून झालेला, मैलोन्‌मैल नुसती धसकटं. आईने खिडकी उघडली आणि वाऱ्याने हैराण होऊन लगेच लावली.

कॅन्सस राज्यातलं निकोडेमस हे छोटं गाव कधी आलं कळलंच नाही. पाटी मागे गेली तेव्हा गाडी वळवून आणली. चुनखडीच्या दगडाचा टाउनशिप हॉल, एक-दोन जुनी चर्चं, जुनी शाळा, थोडी घरं. २०२० च्या जनगणनेत इथे १४ माणसं होती.

गाव वसलं १८७७ साली. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झालेली. केंटकीत पत्रकं वाटली गेली, ५ डॉलर भरा आणि कॅन्ससला चला. स्वतःची जमीन मिळणार म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबं निघाली. इथे ना झाड, ना घर. नांगराला जनावरं नाहीत, म्हणून कुदळ-फावड्याने जमीन उकरली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न दिलं, त्यावर निभावलं.

पण मला हलवलं ते विलियाना हिकमन यांच्या आठवणीने. त्या १८७८ च्या वसंतात आल्या. रेल्वे एलिस गावापर्यंतच. तिथे मुलांना गोवर झाला, काही लेकरं तिथेच दगावली. मग होकायंत्राच्या भरवशावर दोन दिवसांची वाट. अखेर लोक आनंदाने ओरडायला लागले, गाव आलं! यांना काहीच दिसेना. कुठाय निकोडेमस, असं नवऱ्याला विचारलं. त्याने जमिनीतून वर येणारा धूर दाखवला. ते बघ, तेच. माणसं जमिनीत खोदलेल्या बिळांसारख्या खोल्यांत राहत होती. हिकमनबाईंना रडू फुटलं.

हे मी आईला मराठीत सांगत होते. गोवरापाशी आले आणि आई एकदम गवतात खालीच बसली. तिचा धाकटा भाऊ गोवरानेच गेला. आमच्या घरी हा विषय निघत नाही. मी तिच्या शेजारी बसले. गवत आमच्या खांद्यापर्यंत, त्यात वाऱ्याचा सतत एकच आवाज. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पुरून पुढं चालायचं म्हणजे... आणि पोचल्यावर घर पण नाही गं."

ती बाई रडली, पण राहिली. अशाच राहिलेल्यांनी दहा वर्षांत हॉटेल, दुकानं, बँक उभी केली, दोन वर्तमानपत्रं काढली. मग रेल्वे यावी म्हणून गावाने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीचे रूळ सॉलोमन नदीच्या पलीकडून गेले आणि दुकानदार रुळांकडे, बोग या गावी निघून गेले. मला याचा अजून राग येतो. हाताने माती उकरून उभं केलेलं गाव, आणि नदीपलीकडच्या एका रेषेने रिकामं व्हावं! पुढे तीसच्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी आणखी माणसं नेली. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं.

तरी जुलैच्या शेवटी इथे गुलामगिरीतून मुक्तीचा सण असतो आणि देशभरातून या गावचे वंशज येतात. आम्हाला भेटलेल्या एका आजोबांनी आईला हात जोडून सांगितलं, तेव्हा या, जेवायलाच या. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला इंग्रजी जेमतेम. दोघं एकमेकांचा हात धरून बराच वेळ उभे होते.

निघताना आईने कारची खिडकी पुन्हा उघडली, आणि या वेळी उघडीच ठेवली. स्टॉकटन येईपर्यंत ती मामाबद्दल बोलत होती. तो कसा हसायचा, कुठल्या आंब्यावर चढायचा. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.